कर्नल महाडिकांबद्दल, तुझ्या त्या प्रश्नावर

प्रिय पक्या,

परवा फोनवर काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना गेलेल्या कर्नल महाडिकांचा विषय निघाला आणि तू म्हणालास ना, कर्नल माणसाने कशाला एवढं पुढे जायचं, मागे राहून वायरलेसवर ऑर्डर सोडायच्या की, तेव्हा मी गप्प बसलो, फोनवर आपलं नेहमी भांडणच होतं. पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

संतोष महाडिक आपल्या साताऱ्याचेच रे, पोगरवाडीचे. सैनिक शाळा पण साताऱ्याचीच. १९९८ ला ऑफिसर झाले आणि गेले कुठे तर २१ पॅरा स्पेशल फोर्सेसला, म्हणजे सैन्याच्या निवडक कमांडोंमध्ये, जी पलटण आधी २१ मराठा होती, १९९६ ला स्पेशल फोर्सेस झाली, वाघनखं म्हणतात तिला. तिथे प्रोबेशनमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षेच्या काळातच, भलीभली पोरं गळतात, मग कुठे छातीवर बलिदान बॅज, पॅरा कमांडोंची ती खास खूण. २००३ साली ईशान्येतल्या अतिरेक्यांविरुद्धच्या ऑपरेशन ऱ्हायनोसाठी सेना मेडल मिळालं. म्हणजे टेबलामागे बसून कर्नल झालेला माणूस नव्हे हा.

नंतर काश्मीरमधल्या कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे (आरआर, अतिरेक्यांशी लढणारं सैन्याचं दल) सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, ही पण मराठा रेजिमेंटचीच. तिथल्या पोरांना खेळाकडे, टुरिझमकडे वळवायची पण त्यांची धडपड चालू होती, हे कोणी फारसं सांगत नाही. नोव्हेंबर २०१५ ला एलओसीकडून, म्हणजे नियंत्रण रेषेकडून आलेले अतिरेकी मनिगाहच्या जंगलात घुसले, बरेच दिवस शोध चालला. उभे उतार, दाट झाडी, वर ती थंडी, समोरचा कुठे दबा धरून बसलाय ते गोळी आल्यावरच कळणार. १७ तारखेला गाठ पडली, साहेब पुढेच होते, गोळ्या लागल्या, हॉस्पिटलला हलवलं पण वाचले नाहीत. चाळिशी पण गाठली नव्हती.

आता तुझा मुद्दा. अगदीच चुकीचा नाही, सीओ पडला की सगळी पलटण हलते, आणि त्याच वर्षी जानेवारीत काश्मीरमध्येच त्रालला ४२ आरआरचे कर्नल एम. एन. राय पण असेच गेले होते, युद्ध सेवा मेडल जाहीर झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पण असल्या जंगलात ऑपरेशन छोट्या छोट्या टीम करतात, पंचवीस वर्षांचं पोरगं अंधाऱ्या झाडीत शिरतं ते वायरलेसवरच्या आवाजाने नाही, शेजारी साहेब आहेत म्हणून. पॅरावाल्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं, सीओ झाला म्हणून सुटत नाही. मला तरी असंच वाटतं, तू खुशाल हट्टी म्हण.

मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. पण मला जास्त हलवतं ते पुढचं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन लहान मुलं पदरात, वयाची अट आडवी येत होती, ती शिथिल करून घेतली, परीक्षा दिली, चेन्नईला ते खडतर ट्रेनिंग काढलं आणि सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या, सैन्याला शस्त्रं-दारूगोळा पुरवणाऱ्या आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये. त्यांनाही आधी लोकांनी तुझ्यासारखंच विचारलं असणार, कशाला?

पटत नसेल तर सविस्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या