दोर दिसायला हवा होता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आपल्या अंकाच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास असते: उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली. चार ओळींची बातमी. मी ती वाचून पान उलटत असे. यंदा संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी तशीच बातमी माझ्या हातून घडता घडता राहिली, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण दूधवाल्याचा भाग तेवढा राहू द्या.

मी तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, आता निवृत्त आहे. बाबा 88 वर्षांचे आहेत. एकेकाळी त्यांच्याकडे फियाट 1100 डिलाइट होती, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली. 1981 साली नागपूरच्या कस्तुरचंद पार्कच्या कडेकडेनं त्यांनी मला त्याच गाडीवर शिकवलं. डिलाइटची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागे आणि कडी पुढे. ‘चालत्या गाडीत कडीला हात लावायचा नाही, वारा दार उपटून नेईल,’ हा त्यांचा पहिला धडा. 1988 मध्ये माझ्या लग्नाच्या खर्चासाठी ती गाडी विकली गेली. त्यावर घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही. बाबाही नाही.

दोन वर्षं मी तशीच गाडी शोधत होते. ती मिळाली सौंसरजवळच्या एका खेड्यात, संत्र्याच्या बागाईतदाराच्या गोठ्यात. 1969 ची, इंजिन जाम, टपावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, पण पत्रा शाबूत आणि दारं तशीच उलटी. गाडी मध्य प्रदेशातली म्हणून तिथल्या परिवहन कार्यालयाची ना-हरकत लागते, फॉर्म 28, तो मी आधीच मिळवला. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात. हे सगळं मी महिनाभर वाचलं, फाईल लावली, झेरॉक्सचे तीन-तीन संच काढले. गाडी घरापर्यंत आणायची कशी, हा प्रश्न मात्र एका संध्याकाळी चहासोबत उरकला.

अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. गाडी पाठीवर चढवून आणणारा ट्रकवाला नऊ हजार मागत होता. धाकट्या भावाकडे बोलेरो आहे. तो म्हणाला, ‘टोचन करून, दोरानं ओढत आणू ना ताई, मी हळू चालवतो.’ मी हो म्हटलं. मोठी मी आहे, लायसन्स चाळीस वर्षांचं माझं आहे, तेव्हा त्या ‘हो’ची जबाबदारी माझीच.

पहाटे साडेसहाला आम्ही गोठ्यापाशी होतो. थंडी 2018 च्या डिसेंबरसारखी नव्हती, तेव्हा नागपूर 3.5 अंशांपर्यंत उतरलं होतं. पण रात्री वारा पडला, आभाळ मोकळं राहिलं आणि गव्हाला, बागांना पाणी दिलेलं असलं की त्या पट्ट्यात धुकं जमिनीला धरून बसतं. त्या दिवशी तसंच बसलं होतं. गोठ्यातून अंगणातली तुळस दिसत नव्हती.

गड्यानं दोर बंपरला बांधला आणि पहिल्याच हिसक्याला बंपर डावीकडून सुटून खाली लोंबला. आतल्या पट्ट्या गंजून पापुद्रे झाल्या होत्या. मग तो पूर्ण काढून डिकीत टाकला आणि भावानं गाडीखाली झोपून दोर पुढच्या चाकांमधल्या आडव्या लोखंडी बीमला बांधला. बांधायची जागा तीच होती, बंपर कधीच नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोर विहिरीवरचा, नायलॉनचा, वापरून वापरून मातकट झालेला. ब्रेकचा भरवसा नव्हता, पेडल तीनदा दाबावं तेव्हा कुठे थोडं धरायचं. म्हणून भावानं दोर मुद्दाम लांब सोडला, बारा मीटर तरी असेल. हेतू असा की मी वेळेत थांबू शकले नाही तरी त्याच्यावर आदळू नये. त्या क्षणी मलाही ते शहाणपणाचं वाटलं.

बॅटरी मेलेली, त्यामुळे फियाटला ना दिवा ना हॉर्न. मी शाळेतली शिट्टी गळ्यात घातली. एक लांब शिट्टी म्हणजे थांब, दोन छोट्या म्हणजे हळू. मानेभोवती मफलर, पायांवर घोंगडी, कारण पायाखालच्या पत्र्याला भोक होतं आणि तिथून गार हवा घोट्यांना चावत होती. काच आतून माझ्याच श्वासानं धूसर व्हायची. बाबा पावसात काचेवर तंबाखू चोळायचे, ते आठवलं, पण जवळ तंबाखू नव्हती. एका हातानं पुसत, एका हातानं स्टिअरिंग धरत मी बोलेरोच्या लाल दिव्यांमागे जात होते. ते दिवे मला दिसत होते, म्हणून मी सगळ्यांना दिसत असेन असं मी गृहीत धरलं.

केळवदच्या अलीकडे डाव्या हाताला एक फाटा येतो. तिथे एक तरुण मोटरसायकलवर उभा होता, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. त्याला रस्ता ओलांडायचा होता. त्यानं बोलेरो जाऊ दिली, तिचे मागचे दिवे धुक्यात विरताना बघितले आणि रस्ता मोकळा झाला असं समजून तो पुढे निघाला. थेट आमच्या दोन गाड्यांच्या मधोमध. धुक्याच्याच रंगाचा दोर, गुडघ्याच्या उंचीवर ताणलेला.

मी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. भावानं ब्रेक मारला, दोर सैल होऊन डांबरावर पडला, त्यावरून मोटरसायकलचं पुढचं चाक सरकलं आणि तो तरुण गाडीसकट आडवा झाला. आता मला थांबायचं होतं. पेडल एकदा, दोनदा, तीनदा दाबलं, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डावीकडे मातीत घातलं. फियाट थांबली तेव्हा तिच्या बोनटपासून त्याचं डोकं दोन हातांवर होतं. दूध रस्त्यावरून वाहत माझ्या चाकाखाली आलं. किती तरी वेळ मला कडी सापडेना, दार उलटं उघडायचं हेच मी विसरले.

त्याचं कोपर सोलवटलं होतं, गुडघा सुजला होता. देवाची कृपा, त्यापलीकडे काही झालं नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, ‘ताई, तुमची गाडी दिसलीच नाई. एकच गाडी गेली म्हणून मी निंगालो.’ दुधाचे पैसे आम्ही दिले, भावानं त्याला घरापर्यंत सोडलं. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्याच्याकडे जाऊन आले. त्याची मुलगी पहिलीत आहे.

तिथेच धुकं निवळेपर्यंत थांबायला हवं होतं. पण बाबा पहाटेपासून गॅलरीत बसले आहेत असा घरून फोन आला आणि आम्ही निघालो. माझी लाल ओढणी फाडून तिच्या पट्ट्या दोराला बांधल्या, दोर निम्म्याहून कमी केला. तीनेक किलोमीटरवर खालून धाडकन आवाज आला. आधी तिथे एखादा ट्रक बंद पडला असावा. त्याच्या माणसांनी रस्त्यावर दगडांचं अर्धं कडं केलं होतं आणि त्यात बाभळीची फांदी खोचली होती. ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला, फांदी आडवी झाली, दगड राहिले. बोलेरो उंच, ती दगडावरून पार झाली. फियाटचा ऑईल चेंबर त्यावर आपटला आणि आमच्यामागे काळ्या तेलाची रेघ उमटत गेली.

उतरून बघतो तर मागचं डावं चाकही इतकं तापलेलं की हात लावता येईना. कित्येक वर्षं गोठ्यात उभी असलेली गाडी, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले होते आणि ते चाक निम्मं फिरत, निम्मं घासत आलं होतं. आता आमचीच गाडी रस्त्यात अडकली. आणि भावानं पहिलं काय केलं असेल? शेताच्या धुऱ्यावरचे दगड आणून मागे मांडायला सुरुवात केली. मीही दोन आणले. कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना हेच येतं.

जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घेऊन जाणारा एक म्हातारा ट्रॅक्टरवाला थांबला. ट्रॉलीच्या मागच्या फळीला त्यानं लाल चकाकणाऱ्या पट्ट्या स्वतः आडव्या-उभ्या चिकटवल्या होत्या. दगडांकडे बघत तो म्हणाला, ‘बाई, हे गोटे जाताना उचलून घेजा. मांगच्या साली आमच्या गावचा पोट्टा असल्याच गोट्यावर गेला.’ गेला म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्यानं ट्रॉलीवरची लाल ताडपत्री काढून आमच्या डिकीवर पसरून दिली आणि सावनेरपर्यंत आमच्या मागे मागे, ताशी दहाच्या वेगानं आला. त्याच्या कापसाला उशीर होत होता. आम्ही दगड बोलेरोत भरून नेले.

सावनेरच्या मेकॅनिकनं गाडीखाली बघून सांगितलं की प्रॉपेलर शाफ्ट न सोडता एवढं लांब ओढायचंच नसतं. मागची चाकं शाफ्टमार्फत गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवत राहतात, इंजिन बंद असल्यामुळे आतलं तेल मात्र हवं तिथे उडत नाही, आणि बेअरिंग कोरडी पडतात. पुढचा रस्ता फियाट ट्रकच्या पाठीवर आली, जशी सकाळी यायला हवी होती. बाबा खाली उतरून आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. दार उलटं उघडलं, आत बसले आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

नंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, तो आता वकील आहे, मला 1989 ची रस्त्यावरच्या वाहतुकीची नियमावली वाचून दाखवली. ओढणारी आणि ओढली जाणारी गाडी यांच्यात पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोर किंवा साखळी इतरांना सहज ओळखू येईल अशी हवी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’, अक्षरं किमान 75 मिलिमीटर उंच. वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत. 2017 मध्ये त्या जागी नवी नियमावली आली, पण त्या वाक्यांमागे तो फाट्यावरचा तरुण उभा आहे, हे मला वाचताना स्पष्ट दिसलं. चाळीस वर्षं लायसन्स बाळगून यातलं एकही वाक्य मला माहीत नव्हतं. आमच्या कॉलनीत मी वीसेक जणांना विचारलं, कुणालाच नव्हतं.

म्हणून माझी आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे. थंडीच्या दिवसांत, निदान कापूस आणि संत्रा रस्त्यावर असतो तेवढे महिने, गाडी ओढण्याचे हे नियम, आज लागू आहेत त्या रूपात, चौकटीत छापावेत. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर 1033 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तोही छापावा. त्या सकाळी दोन फोन आमच्या खिशात होते आणि तो क्रमांक आम्हा दोघांनाही आठवला नाही. परिवहन विभागाला विनंती ही की लायसन्सच्या परीक्षेत बंद गाडीबद्दल प्रश्न विचारावा: ती कशी ओढाल, कशी उभी कराल, मागे काय ठेवाल. जिनिंगच्या आणि कळमना बाजाराच्या फाटकावर चकाकणाऱ्या पट्ट्यांचे रोल ठेवले आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला दोन हात पट्टी लावून दिली, तर फार खर्च येईल असं मला वाटत नाही. त्या म्हाताऱ्यानं तर ती पदरचे पैसे घालून लावली होती.

आणि वाचकांना विनंती. नव्या चारचाकीसोबत लाल त्रिकोण मिळतो. बहुतेकांच्या डिकीत तो स्टेपनीखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेला पडून असतो. आज तो काढून उघडून बघावा, नीट उभा राहतो का ते बघावं. आणि दगड मांडावेच लागले तर निघताना मोजून उचलावेत.

मी एक पाटी रंगवून घेतली आहे, पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर ‘ऑन टो’ आणि खाली मराठीत ‘गाडी ओढून नेत आहे’. सोबत साडेचार मीटरचा लाल पट्टा, दोन त्रिकोण आणि एक शिट्टी, असा संच माझ्या घरी आहे. नागपुरात कुणाला गाडी टोचन करून न्यायची असेल, त्यांनी तो न्यावा आणि काम झालं की परत आणून द्यावा. माझा पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे. धुकं असेल त्या दिवशी मात्र मी संच देणार नाही.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, नागपूर