एकशेपाच सॉफ्ट नाही

प्रिय मित्रा,

एकशेपाच सॉफ्ट नाही. तुझी ती निकॉनची जुनी १०५ मिलिमीटरची लेन्स धूसर फोटो काढत नाही. आधी एवढं वाच, मग बाकीचं पत्र.

ती लेन्स माझ्या गळ्यात मारताना तू म्हणाला होतास, "पोर्ट्रेटला ठीक आहे, सुरकुत्या लपतात." त्यावरून आपण किती भांडलो! आपल्या दोस्ताला, लांब्याला, पंच करून प्रिंटवर भिंग लावून बसलो होतो. काच चांगली आहे, फोकस दुसरीकडेच कुठेतरी चुकतोय, असं मी तेव्हाही म्हणत होतो. पुरावा नव्हता. आता आहे.

शेवटी निकॉनची मिररलेस बॉडी घेतली, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. अडॅप्टर लावून तुझी एकशेपाच चढवली, २.५ वर पूर्ण उघडी ठेवली आणि आईला खिडकीशी बसवलं. व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त डावा डोळा मोठा करून घेतला आणि रिंग हळूहळू फिरवली. आधी भुवई आली, मग ती मागे सरली आणि पापण्या एकेक करून सुट्या झाल्या. बुबुळात खिडकी दिसत होती, खिडकीचा आडवा गजसुद्धा. फाइल शंभर टक्क्यांवर उघडली तर चष्म्याच्या दांडीने कानाशेजारी पाडलेला बारीक वण दिसतोय आणि त्याच्या मागे कानाची पाळी हळूच विरघळत गेलीय. सुरकुत्या काही लपलेल्या नाहीत. आई फोटो बघून रागावली, म्हणून तुला पाठवत नाही.

इतकी वर्षं काय होत होतं ते सांगतो. दीड मीटरवर २.५ ला या लेन्सची डेप्थ, म्हणजे शार्प येणारा पट्टा, जेमतेम तीन सेंटिमीटर. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यात, आपण फोकस लागल्याचं सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर विसंबायचो. तो ठिपका ठरतो आरशामागच्या छोट्या आरशातून खाली ऑटोफोकसच्या (एएफ) मॉड्यूलकडे जाणाऱ्या प्रकाशावर, आणि फोटो उमटतो सेन्सरवर. दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक असला की ठिपका लागतो डोळ्यावर आणि शार्प येतो कान. ठिपका सोडून नुसत्या नजरेने फोकस करावा, तर व्ह्यूफाइंडरमधला फोकसिंग स्क्रीन उजळ दिसावा म्हणून बनवलेला. मोठ्या उघड्या लेन्सची खरी उथळ डेप्थ त्यात दिसतच नाही. मिररलेसमध्ये दाखवतो तोही सेन्सर आणि टिपतो तोही सेन्सर. मधली भानगडच संपली. वर मेन्यूत फोकल लेंग्थ भरली की बॉडीतलं स्टॅबिलायझेशन या म्हाताऱ्या लेन्सलाही मिळतं.

आणि तुझ्या खोलीत भिंतीवर कुणाचा फोटो होता? फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरींची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. १९८४ मध्ये काढलेला तो फोटो याच १०५ एफ २.५ चा आहे. त्याच्याखाली बसून तू मला ही लेन्स सॉफ्ट असल्याचं सांगायचास!

असो. माझी तब्येत ठीक. पाठ अधूनमधून बोलते.

खरं लिहायचं होतं ते दुसरंच. सरांनी दिलेल्या पंच्याऐंशीचं, त्या ८५ मिलिमीटरच्या लेन्सचं, काय करू? ती १.४ डी. माझ्या अडॅप्टरवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. या लेन्समध्ये मोटर नाही, बॉडीतली मोटर स्क्रूने तिची काच सरकवते, आणि या अडॅप्टरमध्ये ना मोटर ना स्क्रू. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स व्यवस्थित चालतात, पंच्याऐंशी मात्र हातानेच फोकस करायची. तिच्या रिंगचा फेरा आखूड, एकशेपाचची ती जड, मऊ चाल तिला नाही. बसलेल्या माणसाचा फोटो निघतो. नाटकाच्या प्रयोगात, नट दोन पावलं पुढे आला की गेलंच.

आता एक मुलगा ती मागतोय. जुनी डीएसएलआर वापरतो, बॉडीत मोटर आहे, हात चांगला आहे. त्याच्याकडे गेली तर ती लेन्स पुन्हा पूर्ण चालेल. माझ्याकडे कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बसून राहील. हिशोबाने बघितलं तर उत्तर सरळ आहे. पण सरांनी ती देताना काय सांगितलं होतं ते तुलाही ठाऊक आहे: बॉड्या येतील-जातील, पैसे काचेत घाला. त्या एका वाक्यावर आपण दोघांनी आपापली बॅग भरली. ते वाक्य नव्या लेन्सला लागू पडतं का, याच विचारात मी अडकलोय, आणि हे बोलायला तुझ्याशिवाय माणूस नाही.

नव्या लेन्स चांगल्या आहेत यात वादच नाही. निकॉनच्या मिररलेसच्या नव्या झेड माउंटची ८५ १.८ वापरून बघितली. पळणाऱ्या पोराचा डोळा सोडत नाही आणि १.८ ला फ्रेमच्या कडेपर्यंत शार्प. वाइडमध्ये तर जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्याला कारणही आहे. जुन्या एफ माउंटमध्ये आरशाला जागा हवी म्हणून लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर लांब बसायची. झेडमध्ये ते अंतर १६ मिलिमीटर, तोंडही ४४ वरून ५५ मिलिमीटरचं झालं. वाइड लेन्सची मागची काच सेन्सरच्या पार जवळ नेता येते, त्यामुळे कोपरे सुधारले. टेलीला, म्हणजे लांबच्या लेन्सला, या मोकळ्या जागेचा फारसा उपयोग नाही, तिला ती आधीही नडत नव्हती. म्हणून माझं मत असं, की वाइड नव्या घ्याव्यात आणि लांबच्या जुन्या जिवापाड जपाव्यात. यावर तू भांडणार, मला माहीत आहे.

हलकेपणाबद्दल मात्र कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. बॅटरीसकट डीएसएलआर डी७५० भरते ८४० ग्रॅम, मिररलेस झेड६ ६७५. छान. पण ५० १.८ जी होती १८५ ग्रॅमची, झेडची ५० १.८ आहे ४१५ ग्रॅमची. बेरीज कर, नवी जोडीच जड निघते. काचेचे ७ एलिमेंट होते तिथे १२ आले. फोटोत ते दिसतात हेही खरं. बॅटरीचंही तसंच. कंपनीच्याच आकड्यांत डी७५० एका चार्जवर १,२३० फोटो काढते आणि झेड६ ३१०. प्रत्यक्षात जास्त निघतात, तरी खिशात दोन जादा बॅटऱ्या लागतातच.

तर काळजी ही. एकशेपाचची रिंग फिरवली की आतली काच सरकते. पितळेच्या आट्या आहेत, वीज लागत नाही. उद्या कुठलीही बॉडी येऊ दे, कुणी अडॅप्टर बनवला की ती चालणार. नवी लेन्स बॉडीपासून सुटी करून रिंग फिरव, आत काहीच हलत नाही. रिंग फक्त बॉडीला निरोप देते, मोटर बॉडीच्या हुकमावर चालते. डिस्टॉर्शन, म्हणजे रेषांचा बाक, काढण्याचं कामही निम्मं सॉफ्टवेअरवर टाकलेलं. कॅननची आरएफ १६ २.८ घे. तिची कच्ची प्रतिमा बघितलीस तर कोपरे काळे, रेषा वाकलेल्या, नंतर ताणून सरळ केलेल्या. याला मी फसवणूक म्हणणार नाही. डिस्टॉर्शनवर खर्च होणारी काच आकार लहान ठेवायला किंवा कोमा (कडेचे प्रकाशबिंदू फराटल्यासारखे दिसणं) मारायला वापरली, तर तो चांगला सौदा आहे. पण मग काच एकटी उरत नाही. तिची मोटर बिघडली, पार्ट मिळेनासे झाले, माउंट बंद पडला, की ती गेली. एफ माउंट १९५९ चा, आजही आपण त्यातल्या लेन्स वापरतो. तीस वर्षांनी माझी नवी पंच्याऐंशी कुणाच्या हातात दिली तर तो ती वापरू शकेल का? सरांनी दिली तशी ती कुणाला देता येईल का? या प्रश्नाने मला खरंच त्रास होतो.

ईव्हीएफवरून, म्हणजे मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरवरून, आपलं जे भांडण अर्धवट राहिलं, त्यात थोडं तुझ्या बाजूने बोलतो. नुसता निसर्ग बघायला काचेचा व्ह्यूफाइंडर आजही छानच. पण रंगमंचावर मागून लाइट मारला की चेहरा किती काळा पडणार, ते क्लिकच्या आधी दिसतं. आणि सायलेंट शटर! पहिल्या रांगेतला माणूस आता वळून बघत नाही. एकच जप: सेन्सर सावकाश वाचणाऱ्या बॉडीत एलईडी लाइटखाली फोटोवर पट्टे येतात आणि फिरणारा हात वाकडा होतो. म्हणून झटकन वाचणारे स्टॅक्ड सेन्सर आले. झेड८ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. सोनीच्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, तो अख्खा सेन्सर एकदम वाचतो. तुला नाटकं आणि नाच करायचे असतील तर मेगापिक्सेल बघू नकोस, वाचण्याचा वेग बघ.

बदलीचं कळलं. घर मिळालं का? वहिनींची नोकरी तिकडे सुरू झाली असेल. धाकटीला माझा जुना ट्रायपॉड पाठवतोय, तिला सांग.

नव्या लेन्सची ऑर्डर थांबवून ठेवलीय. पंच्याऐंशीचं तुझं मत कळव, आणि फोनवर नको, लिहून कळव. फोनवर तू हसतोस आणि विषय तिथेच राहतो. त्या मुलाला मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझाच,
मी