त्या साठ दिवसांबद्दल

पुणे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू चिडली होतीस, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. तुमच्या नेदरलँड्सने 2024 मध्ये परदेशातून मूल दत्तक घेणं बंद करायचं ठरवलं आणि नवे अर्ज थांबवले, ते नेमके तुमच्या वेळेला. भारतात संस्थांमध्ये मुलं आहेत, आम्ही दोघं तयार आहोत, मग यांचं काय जातं, असं तू म्हणालीस.

काय जातं ते त्यांच्याच अहवालात आहे. 2021 साली तिथल्या सरकारनेच नेमलेल्या यूस्ट्रा समितीने 1967 ते 1998 या काळातली दत्तकं तपासली. श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया, ब्राझील, कोलंबिया. खोटे कागद सापडले, पैसे देऊन किंवा फसवून आईपासून काढून घेतलेली मुलं सापडली, आणि सरकारी लोकांना कळूनही त्यांनी काणाडोळा केल्याचं निघालं. त्या पाच देशांत भारत नव्हता, पण त्यावरून मान ताठ करायचं कारण नाही. 1982 मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहून परदेशी दत्तकातले गैरप्रकार कळवले होते. कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं आणि 1984 मध्ये न्या. भगवतींनी नियम घालून दिले. होम स्टडी, म्हणजे घरी येऊन नाना प्रश्न, मूल नेल्यावरही दोन वर्षं पाठवायचे अहवाल, निखिलला हा जो सगळा जाच वाटतो ना, त्याचं मूळ त्या निकालात आहे.

तू विचारलंस, बाळ आणून सोडल्यावर इतके दिवस का लावतात. आईने बालकल्याण समितीसमोर सही करून बाळ दिलं, तरी तिला फेरविचाराला साठ दिवस असतात. तेवढे दिवस ते बाळ कुणाचं होऊ शकत नाही. दत्तक संस्थेत नोकरीला असताना तिथल्या नव्या मुली म्हणायच्या, बाई, कोण परत येतं? येतात. एकीची मोठी बहीण दुसऱ्या महिन्यात गावाहून आली, समितीपुढे भांडली आणि बहीण-भाची दोघींना घेऊन गेली. बाळाला लवकर चांगलं घर मिळावं म्हणून आपण घाई केली असती, तर त्या मावशीने कुठे जायचं होतं?

आणि वीस-पंचवीस वर्षांनी मोठी होऊन येणारी मुलं तर मी खूप पाहिली. युरोपातून यायची, मराठीचा एक शब्द नाही, नाक-डोळे मात्र आपल्या गल्लीतले. फाइल काढली की त्यात एखादं पान. नर्सने ठेवलेलं नाव, वॉर्ड, तारीख, आणि आईच्या रकान्यात ‘अज्ञात’. आता अठरा वर्षांनंतर मुलाला स्वतः अर्ज करून मूळ शोधता येतं. पण आईची गोपनीयता मोडून नाही. तिचाही संसार असतो, नवऱ्याला काही माहीत नसतं. या गाठीतून मला कधी सोपी वाट सापडली नाही. निदान कागद खरे असावेत, एवढं तरी आपल्या हातात असतं.

तरीही सरसकट दार लावणं मला पटलेलं नाही, हे तुला सांगते. 2024-25 मध्ये देशात एकूण 4,515 दत्तकं झाली, त्यातली 4,155 देशातल्या देशात. म्हणजे बाहेर जाणारी मुलं थोडी. पण ती कोण? आपल्याकडच्या जोडप्यांना दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट बाळ हवं असतं आणि त्यासाठी ती वर्षानुवर्षं थांबतात. हृदयाचं दुखणं असलेली, नीट ऐकू न येणारी, आठ-नऊ वर्षांची, दोन भावंडं एकत्र असलेली, अशांची फाइल आपल्याकडचे लोक बाजूला ठेवतात. आमच्याकडून परदेशी गेली ती बरीचशी अशीच. तुझं सरकार हा विचार कितपत करतंय, कोण जाणे.

निखिल म्हणतो तसं दोन वर्षं पुण्यात भाड्याने घर दाखवून, इथलेच रहिवासी म्हणून मूल घ्यायचं आणि मग परत जायचं, हे मात्र नको. त्या मुलाच्या व्हिसापासून पुढचं सगळं त्या एका खोटेपणावर उभं राहील. खरंच परतायचं असेल तर या, खोली रिकामीच आहे.

आणि आलात तर ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, अर्जात वय आणि आरोग्य यांची पसंती द्यावी लागते. तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या पुढे गेली की दोन वर्षांच्या आतलं मूल मिळत नाही, आणि तुम्ही आताच 79 वर आहात. मोठं मूल असेल, पाचाच्या पुढचं, तर त्यालाही विचारतात, या घरी जाशील का म्हणून. ते नाहीही म्हणू शकतं. तुम्ही दोघं नीट बोला आणि त्या रकान्यांत काय लिहाल ते मला कळवा. सासूबाईंनाही आधीच सांग, मागून नको.

तुझी,
आई