जांभळ्या शाईकडे नीट पाहा

मा. संपादक,

अमेरिकेतल्या नेब्रास्का-वायोमिंगच्या उंच मैदानांतले जुने रँच (गुरांचे मोठे मळे) शोधताना अनेकजण यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, स्थलदर्शक नकाशावरचे ठळक साल हेच मोजणीचे साल धरतात. ही चूक टाळायलाच हवी. हवाई छायाचित्रे कधीची, जागेवरची तपासणी कधीची, हे खालच्या समासात बारीक अक्षरांत दिलेले असते. जांभळ्या शाईतल्या दुरुस्त्या तर छायाचित्रांवरून केलेल्या, बहुधा जागेवर न पडताळलेल्या. झाडाखालचा गोठा किंवा पाणी उपसणारी बारकी पवनचक्की त्यात सहज निसटते, आणि अशा निर्जन मुलखात पवनचक्की म्हणजे गुरांचे पाणी!

१८९० च्या दशकातल्या १:१,२५,००० प्रमाणाच्या नकाशांत एक इंचात सुमारे दोन मैल मावतात. हे काम प्लेन टेबलवर, म्हणजे जागेवरच तिपाईवरच्या फळीवर नकाशा रेखाटत, झालेले. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० फुटांच्या उंचीच्या अंतराने असतील, तर १५ फुटी वाळूची टेकडी दोन रेषांमध्ये पार नाहीशी होऊ शकते. नंतरच्या १:२४,००० नकाशांत एक इंच म्हणजे २,००० फूट. मात्र त्यांतले बहुतेक नॅड २७ या १९२७ च्या उत्तर अमेरिकी आधारप्रणालीवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या पायावर) बेतलेले आहेत. जीपीएसमध्ये तीच आधारप्रणाली निवडली नाही, तर विहीर बरेच मीटर सरकलेली दिसते.

आवृत्ती बदलली म्हणून ग्रंथालयांनी जुनी प्रत कृपया रद्दीत काढू नये.

– एक नकाशा अभ्यासक