आपण न वाचलेलं पत्र

प्रिय दत्या,

दिवाळीपासून पत्र नाही की फोन नाही, राग धरू नकोस. गुडघे सोडले तर तब्येत ठीक. पण हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

काल आईची पत्र्याची पेटी उघडली. लुगड्यांखाली आबांची १९७१ ची सगळी पत्रं निघाली, ९९ एपीओच्या लष्करी टपालाच्या शिक्क्याची. आपण ओसरीवर बसून तिला वाचून दाखवायचो ना, तीच. कार्तिकात आजी गेली तेव्हा आई म्हणाली होती, "म्हातारी गेली म्हणून लिवा." लढाई तोंडावर आलेली. आपण लिहिलं, 'सर्व खुशाल'. (कल्पना तुझीच. इतकी वर्षं माझ्यावर ढकलतोस, पण "आबांचा हात कापंल" हे कोण म्हणालं होतं?) मग त्यांच्या पत्रातलं 'आईस दंडवत' आपण वाचताना गाळायला लागलो.

त्यात एक पत्र आपण कधी पाहिलंच नव्हतं रे. पाकिटावर गुरुजींचं नाव, तारीख २८ नोव्हेंबर. आबा आईला लिहितात :

"आई गेल्याचे कळले. कंपनीतल्या आपल्या गाववाल्यास घरून पत्र आले. काल त्याच्याकडूनच डोके भादरून घेतले. नऊ दिवस बूट काढले नाहीत, पाय सोलले आहेत. फार थकलो. पोरांनी लिहिले नाही ते माझ्या काळजीने. त्यांस बोलू नको. कळूही देऊ नको."

आणि दत्या, त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात 'आईस दंडवत' आहेच! आपल्यासाठी. बांगलादेशातलं जमालपूर घेतल्यावरच्या पत्रातही. शत्रूला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली, हे आबांनी पारावर किती वेळा सांगितलं. या पत्राबद्दल मरेपर्यंत अवाक्षर नाही. आईनेही नाही.

तुला आठवतं? ती समोर तांदूळ निवडत बसायची. एकदा म्हणाली, "आनि काय लिवलंय?" तू म्हणालास, "काय न्हाय, काकी." तिने सुपातले खडे अंगणात टाकले आणि आत गेली. काल रात्रभर तेच डोळ्यांपुढे. तिला तेव्हा काय वाटलं असेल? विचारायला ती नाही, गुरुजीही नाहीत.

सूनबाई बाळंत झाली का? वहिनींना नमस्कार. शनिवारी सकाळच्या एसटीने येतो, पत्र घेऊन. या वेळी एकही ओळ न गाळता तू वाच, मी ऐकतो.

तुझा,
बाळू