आत्या, माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा

प्रिय आत्या,

प्लास्टर निघून महिना झाला. मनगट आता नीट वळतं, पीठसुद्धा मळता येतं. तरी संध्याकाळी ओट्याशी मी एकटा नसतो, आणि हे तुझ्यामुळे झालं. फोनवर आभार मानायला गेलं की तू "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

तू मदतीला आलीस तेव्हा माझी समजूत होती की सहा आठवडे तू रांधशील आणि आम्ही जेवू. पहिल्याच संध्याकाळी तू दोन्ही मुलांना आत बोलावलंस. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेचारचा. मी दारात उभा राहून "अगं, सांडतील" म्हणत होतो. "सांडलं तर पुसतील. फडकं कुठे ठेवता ते दाखव त्यांना," एवढंच तू म्हणालीस.

इतकी वर्षं घरचा स्वयंपाक मीच करतो. मुलांनी काही करायला घेतलं की माझा हात आपोआप मध्ये जायचा. सुरी काढून घ्यायचा, पातेलं सरकवायचा, कडेला पडलेलं आत ढकलायचा. त्या सहा आठवड्यांत तो हात गळ्यात अडकवलेला होता. तेव्हा पहिल्यांदा मी मुलांकडे नुसतं बघत राहिलो.

सुरीचंच सांगतो. मी थोरलीला कधी दिलीच असती तर घरातली सगळ्यांत बोथट सुरी दिली असती. तू छोटी, पण धार असलेली निवडलीस. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते, हे तू तिला गाजरावर दाखवलंस. चॉपिंग बोर्ड हलू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलंस. गोल वस्तू आधी अर्धी करायची आणि सपाट बाजू खाली ठेवायची. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, म्हणजे सुरीचं पातं बोटांच्या सांध्यांना टेकून चालतं, टोकांपर्यंत पोचत नाही. धाकट्याला जेवणाच्या टेबलावरची बिनधारेची सुरी आणि एक केळं. त्यानं चकत्या केल्या, जाड-बारीक, वाकड्या, आणि त्या तशाच वाढल्या गेल्या. तू एकही नीट करायला गेली नाहीस. मी गेलो असतो.

दुसऱ्या आठवड्यात थोरलीनं पातेल्यावरचं झाकण उचललं आणि वाफ बोटांवर आली. मी बर्फ आणायला धावलो. तू मला थांबवलंस, तिचा हात नळाच्या गार पाण्याखाली धरलास आणि घड्याळ बघून पूर्ण वीस मिनिटं धरून ठेवलास. बर्फानं भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते, हे मला तेव्हा कळलं. बोटं लाल झाली, फोड आला नाही. माझ्या मनात आलं, संपलं, आता हिला आत येऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तूच तिला हाक मारलीस. "आज झाकण तू काढायचं. आपल्याकडची कड खाली राहू दे, पलीकडची उचल, वाफ तिकडे जाईल." तिचा हात थरथरत होता. पण तिनं झाकण काढलं. आत्या, मी त्या दिवशी तिला दूर ठेवलं असतं तर ती वाफेला आयुष्यभर भ्यायली असती. या एका गोष्टीसाठी तुझे किती आभार मानू?

धाकट्याच्या ताटात हिरवं काही चालत नसे. दोन-तीनदा वाढून त्यानं तोंड फिरवलं की मी नाद सोडायचो. मुलांना नवी चव पटायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा समोर यावी लागते, हे मला माहीत नव्हतं. तू त्याला "खा" म्हणालीच नाहीस. मटार सोलायला दिलेस, रोज थोडे. आधी त्यानं शेंगा नुसत्या मोडल्या, मग वास घेतला, आणि सहाव्या की सातव्या दिवशी एक दाणा तोंडात टाकला. आम्ही कोणी काही बोललो नाही. तूच डोळ्यांनी गप्प केलं होतंस.

एरवी तू इतकी मऊ, पण दोन बाबतींत जराही सूट दिली नाहीस. कच्च्या अंड्याला हात लागला की साबणानं वीस सेकंद हात धुवायचे. आणि मळलेलं कच्चं पीठ चाखायचं नाही. पीठ दिसायला साधं, पण ते शिजलेलं नसतं, पोट बिघडवणारे जंतू त्यात असू शकतात. मी स्वतः लहानपणापासून कच्च्या पिठाचे गोळे खात आलोय आणि मुलांनाही देत होतो. ते आता बंद.

वेळ दुप्पट लागतो, हे खरं आहे. तू जाताना म्हणाली होतीस, "घाई असेल त्या दिवशी बोलावू नकोस, तुझी चिडचिड त्यांच्या लक्षात राहील." तेवढं मी पाळतो. कामाच्या दिवशी सकाळी मी एकटाच करतो, संध्याकाळ त्यांची. ओटा पुसणंही त्यांचंच, कोपरे मात्र राहतात.

धाकट्यानं तुला निरोप द्यायला सांगितलाय. तू शिकवलेला खेळ तो अजून खेळतो, शेंग उघडायच्या आधी बोटांनी चाचपून दाणे ओळखायचा. परवा तो आठ म्हणाला आणि आठच निघाले. त्यातले चार त्यानं ताईला दिले.

तुझा,
भाचा