प्रोजेक्टरसोबत छापील कार्डेही हवीत

महोदय,

शाळांत प्रोजेक्टर आले, पण स्लाइड सरकतात आणि मुले नुसती बघत बसतात. माझ्या सहावीच्या वर्गात मी ‘प्लिकर्स’ या प्रश्नोत्तरांच्या मोबाइल अ‍ॅपची कार्डे वापरते. साध्या कागदावर छापलेली काळी-पांढरी नक्षी; कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तराचा पर्याय ए, बी, सी की डी हे ठरते. मोबाइल फक्त शिक्षकाकडे लागतो. त्याचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरे नोंदली जातात. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचे बघून उपयोग नाही. ‘दोन तृतीयांश मोठा की तीन पंचमांश?’ यावर निम्मा वर्ग चुकला, तेव्हा स्लाइड तिथेच थांबवून मी कागदाच्या पट्ट्या दुमडायला दिल्या. कधीच हात वर न करणारी मुलगीही कार्ड धरते, याचे मला फार मोल वाटते. शिक्षण विभागाने महागडे टचबोर्ड घेण्याआधी केंद्रस्तरीय (जवळपासच्या शाळांच्या गटातील शिक्षकांच्या) शिक्षण परिषदांत याचे प्रात्यक्षिक ठेवावे.

– एक जिल्हा परिषद शिक्षिका, सातारा जिल्हा